दहा फोन, एक माणूस

ते पुस्तक माझ्या हातात आलं बार्शीच्या एका शिक्षक मित्राच्या घरी. शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं खाकी कव्हर, कोपरे नीट दुमडलेले, वर लाल काठाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात ‘सामान्य ज्ञान’. आत निघालं बिंदुमाधव खिरे यांचं ‘इंद्रधनू’. समलिंगी माणसांबद्दल मराठीत सरळपणे बोलणारी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं हे एक. मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘‘कुर्डुवाडीला एक बाइंडर आहे. तो अशी कव्हरं घालून देतो, आणि वाचून झालं की परत घेतो.’’ कव्हराला अजून खळीचा वास येत होता. जून महिन्यात आई पातेल्यात पीठ शिजवून खळ करायची आणि आम्ही भावंडं भोवती बसायचो, तोच वास. पुढच्या रविवारी मी कुर्डुवाडीला गेले ती त्या वासामुळेच म्हटलं तरी चालेल.

कुर्डुवाडी म्हणजे गाडी बदलायचं गाव. 1897 साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, तेव्हा स्टेशनचं नावही ‘बार्शी रोड’ होतं. ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले, पण गावाचा धर्म बदलला नाही. एक फाटा पंढरपूर-मिरजेकडे, एक लातूरकडे, मधून पुणे-सोलापूरची मोठी लाईन. पिशवी घेऊन स्टेशनाबाहेर चहा पिणाऱ्या माणसाला इथे कुणी ‘तू इथं कसा?’ म्हणून विचारत नाही. बार्शीचा असो, माढ्याचा असो, पंढरपूरचा असो, ‘गाडीला वेळ होता’ एवढं उत्तर पुरतं.

बाइंडरनं हे ओळखलंय. त्याचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे.

दुकान कुठल्या गल्लीत आहे ते लिहीत नाही, नावही लिहीत नाही. वय पस्तिशीच्या आसपास, बोटांच्या पेरांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, बोलताना नजर हातातल्या कामावर. फर्मे दुमडायचे, दाभणानं भोकं पाडायची, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा, दाबाखाली ठेवायचं, दिवसभर हेच. दुकानदारांच्या खतावण्या, कॉलेजचे प्रकल्प, भजनी मंडळांच्या जीर्ण पोथ्या त्याच्याकडे येतात. रविवारी दुपारनंतर अर्धं शटर ओढलं जातं आणि मागच्या खोलीत सतरंजी पसरली जाते. पाटी नाही, बॅनर नाही, संस्थेचं नाव नाही. समलिंगी मुलामुलींसाठीचा शिक्षण कार्यक्रम म्हणतात तो इथे असा चालतो.

‘‘किती जण येतात?’’ मी विचारलं.

‘‘दहा फोन आले की एक माणूस येतंय,’’ तो म्हणाला.

मला वाटलं, हा नुसता अंदाज असेल. नंतर कळलं की हा आकडा त्याच्या अंगावरून गेलेला आहे. बाविसाव्या वर्षी त्यानं पुण्याच्या एका हेल्पलाइनला फोन लावला होता, बसस्टँडवरच्या काचेच्या बूथमधून. नऊ वेळा पलीकडून ‘हॅलो’ ऐकून ठेवून दिला. बाहेर रांगेतली माणसं काचेवर नाणं वाजवत होती. दहाव्या वेळी तो बोलला. काय बोलला ते त्याला आठवत नाही, पलीकडचा माणूस घाई करत नव्हता एवढंच आठवतं. म्हणून आता त्याच्या फोनवर कुणी गप्प राहिलं की तो फोन ठेवत नाही. स्पीकर लावून पुठ्ठ्याशेजारी ठेवतो आणि शिवत राहतो. पलीकडच्याला दोऱ्याचा सर्र आवाज ऐकू येत असणार.

मराठीत या कामाला पूर्वज नाहीत असं नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. लोक त्यांना लैंगिक प्रश्न विचारत आणि ते आडपडदा न ठेवता उत्तरं छापत. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, पण ज्याला प्रश्न पडलाय त्याला शास्त्रीय उत्तर मिळालंच पाहिजे ही बाजू तेव्हा मुंबईच्या कोर्टात मांडली गेली. पुढे मुंबईत 1990 साली अशोक राव कवींचं ‘बॉम्बे दोस्त’ निघालं, 1994 साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला, 1995 साली बायकांसाठी स्त्री संगम. पुण्यात 2002 साली खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि त्यांच्या लिखाणामुळे हा विषय मराठी घरांत मराठीतून पोचू लागला. बाइंडरच्या कपाटात त्यांची ‘पार्टनर’ आहे, ‘मनाचिये गुंती’ आहे. सगळ्यांना खाकी कव्हर, सगळ्यांवर ‘सामान्य ज्ञान’.

मी गेले त्या रविवारी सात जण होते. एक आयटीआयचा मुलगा, एक पिकअप चालवणारा, एक लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. तो सबंध वेळ दाराकडे तोंड करून बसला. सुरुवात शब्दांनी झाली. बाइंडरनं मापात चुकलेला एक पुठ्ठा मध्ये ठेवला आणि म्हणाला, आपल्यासारख्यांना तुमच्या गावात काय म्हणत्यात, लिहा. पुठ्ठा भरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आयटीआयचा मुलगा त्याकडे बघत म्हणाला, ‘‘आमच्याकडं शिवी हाय, शब्द न्हाई.’’

मग तासभर तेच चाललं. समलिंगी म्हणजे कोण, उभयलिंगी कल म्हणजे काय. पुरुषाला पुरुष आवडला म्हणून तो तृतीयपंथी होत नाही; आणि तृतीयपंथी असणं ही वेगळी, तितकीच खरी ओळख आहे. पिकअपवाल्याला हे दोनदा समजावून घ्यावं लागलं. लहानपणापासून दोन्हींसाठी एकच शिवी ऐकलेली. समजल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग अगदी हळू म्हणाला, ‘‘म्हंजे मी मिशी ठिवली तरी चालतंय.’’ कुणी हसलं नाही. मला ते वाक्य घरी परतेपर्यंत सोडेना. तिशीतला माणूस, स्वतःच्या मिशीबद्दल इतकी वर्षं शंका बाळगून जगलेला.

कायद्याला दहा मिनिटं पुरली. 1860 च्या दंडविधानातलं कलम 377, दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल, 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला ते, आणि 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला ते. 2023 साली लग्नाची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही, हेही सांगितलं. लग्नाच्या निकालाबद्दल कुणी काही विचारलं नाही. पोलीस पकडतात का, एवढंच तिघांनी विचारलं.

औषधाच्या प्रश्नाला मात्र जास्त वेळ गेला. सातांपैकी दोघांना घरच्यांनी आधी देवऋष्याकडे आणि मग ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं, आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘कल बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलं. बाइंडरनं या दोन तारखा सगळ्यांना पाठ करायला लावल्या, पाढे म्हणवून घेतात तशा. हा माणूस सावकाश बोलतो, पण इथे त्याचा आवाज चढला होता.

आता आक्काबद्दल. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. दुकानाच्या पुढच्या भागात तिचं शिवणयंत्र आहे. तिनं बैठकीत कधी भाषण केलं नाही, पण ती नसती तर या खोलीत एकही मुलगी आली नसती. ‘‘बाप्यांचं बरं असतंय, गाडीला वेळ होता म्हणत्यात,’’ ती मला म्हणाली. ‘‘पोरीनं असं म्हणून चालंल का?’’ मुलीच्या हातात पैसे नसतात, फोन घरातला, प्रवासाला सोबत कुणीतरी. म्हणून दोन मुली येतात त्या आक्काकडे ‘ब्लाउज शिकायला’. त्यांच्या वाट्याला अर्धा तास येतो, तोही यंत्राच्या आवाजाखाली.

मला हे बघून राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आपल्याकडे या विषयावर सरकारी पैसा आला तो मुख्यतः एड्स नियंत्रणाच्या दारातून. त्यामुळे समलिंगी पुरुषांपर्यंत निदान निरोधचं पाकीट तरी पोचलं, आणि पाकिटाबरोबर बोलायला एक कार्यकर्ता. बाईवर प्रेम करणारी बाई त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. दोघींतली एक वाचणारी आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ तिनं खाकी कव्हरात नेलं होतं, ते परत करायला आली होती. 1981 साली मराठी रंगभूमीवर आलेलं हे नाटक, बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीचं. आपल्याकडे असं नाटक झालं, हे मी नेहमी अभिमानानं सांगत आले आहे. मुलीनं पुस्तक आक्काच्या यंत्रावर ठेवलं आणि मला विचारलं, ‘‘शेवटी तिला मारायलाच पाहिजे होतं का?’’ मी नाटकाच्या काळाबद्दल काहीतरी बोलले. ती ऐकत होती. माझं बोलणं तिच्या उपयोगाचं नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

तेवढ्यात एक आई आली. माढ्याकडची, डोक्यावरून पदर, हातात पेरूंची पिशवी. मुलगा सहा महिन्यांपासून इथे येतो, त्यानंच तिला आणलं होतं, पण तो बाहेर थांबला. ती बाइंडरशी बोलेना. आक्काजवळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘‘लगीन लावून दिलं तर सुधरंल का ओ त्यो?’’

आक्कानं यंत्र थांबवलं. ‘‘आणि सून? ती कुणाची लेक आसंल की, बाई.’’

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘‘माज्या थोरलीचं असंच झालं.’’ काय झालं ते सांगितलं नाही. आक्कानंही विचारलं नाही. कपाटातून ‘मनाचिये गुंती’ काढलं. समलिंगी मुलांच्या आईबापांची मनं त्यात आहेत. आईला वाचता येत नव्हतं. आक्कानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पोथी वाचतात त्या लयीत. दोन्ही मुली कापडावरची सुई तशीच धरून ऐकत होत्या. आतल्या खोलीतलं बोलणंही थांबलं. दाराकडे तोंड करून बसलेला तो दोन पोरांचा बाप उठला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, आईला दिसणार नाही असा, भिंतीला टेकून उभा राहिला.

वर्षभरापूर्वी बाहेरगावच्या कुणी बाइंडरला सुचवलं होतं की याचं रीतसर प्रकल्पात रूपांतर करू, फोटो लागतील, दर महिन्याला लाभार्थींची यादी लागेल. त्यानं नको म्हटलं. पैशाची गरज त्याला आहे, खोलीचं भाडं तो खतावण्यांच्या कमाईतून भरतो. तरी त्याचं बरोबर होतं असं मला वाटतं. त्या उंबऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाला लाभार्थी म्हणून कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि नऊ वेळा फोन ठेवून देणाऱ्याला? दहा फोन, एक माणूस हे प्रमाण कुठल्याही अहवालात अपयश म्हणूनच दिसेल.

एक काळजी मलाही वाटते, ती त्याला बोलूनही दाखवली. खाकी कव्हर घातलं की पुस्तक घरात जातं, पण लपवायची सवयही त्याच्याबरोबर जाते. त्यानं खळीचा ब्रश फिरवत ऐकून घेतलं. ‘‘कव्हर फाटतंयच की ताई,’’ तो म्हणाला. ‘‘परत आलेल्या पुस्तकांचं बघा. कोपरे फाटलेलेच असत्यात. मी नवं घालतो. काही जण म्हणत्यात, राहू द्या.’’

‘‘किती जण?’’

‘‘आतापर्यंत दोघं.’’

संध्याकाळी माणसं आली तशी एकेक करून गेली, दोघांमध्ये पाचेक मिनिटांचं अंतर ठेवून. आई पेरू आक्काजवळ ठेवून गेली. मुलगा तिच्या दोन पावलं मागून स्टेशनाकडे चालत होता. माझ्या गाडीला खरंच वेळ होता. बाइंडरनं दाबाखालची खतावणी काढली, दुसरी लावली. ‘‘अक्षर बरं दिसतंय तुमचं,’’ म्हणून लाल काठाच्या दहा-बारा चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या. मी ‘सामान्य ज्ञान’ लिहीत बसले. तिसरी चिठ्ठी लिहीत होते तेव्हा फोन वाजला. त्यानं उचलून ‘‘बोला’’ म्हटलं. पलीकडे कुणी बोललं नाही. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढं ऐकू येत होतं. त्यानं स्पीकर लावला, फोन पुठ्ठ्याला टेकवून उभा केला आणि सुईत दोरा ओवला. दीड फर्मा शिवून होईपर्यंत ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला, मग फोन बंद झाला.

‘‘ह्याचा सातवा,’’ तो म्हणाला, आणि दाभण उचललं.