तीन कॅमेरे, चार डिस्क आणि वऱ्हाडचा उन्हाळा

कॅसेटच्या काळात लग्नाचे किंवा कीर्तनाचे मूळ चित्रण फारसा विचार न करताही जतन होत असे. मिनी-डीव्ही कॅसेटवरील तासाभराचे चित्रण संगणकावर उतरवले म्हणजे सुमारे १३ गीगाबाइट जागा व्यापी, आणि संकलन चालू असताना संगणकाची डिस्क निकामी झाली तरी कॅसेट कपाटात असल्यामुळे ते पुन्हा उतरवता येई. मेमरी कार्ड आले आणि ही सोय संपली. आजचे कार्ड रिकामे करून उद्याच्या कार्यक्रमाला वापरायचे असल्यामुळे डिस्कवर उतरवलेली नक्कल हेच आता मूळ झाले आहे. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांच्याकडून एका साठ्याप्रमाणे काम घेणारी जी ‘रेड’ नावाची मांडणी आहे, तिचा विचार गावोगावच्या व्हिडिओ व्यावसायिकांना करावा लागतो तो मुख्यतः या बदलामुळे.

अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी असलेल्या वलगावचे उदाहरण घेतल्यास हा हिशेब स्पष्ट होतो. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी येथे देह ठेवला; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्यांचा आवाज ऐकता आला. अशा गावी पुण्यतिथीचा तीन तासांचा कार्यक्रम तीन कॅमेऱ्यांनी टिपला असे समजू. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने फोर-के चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ गीगाबाइट भरतो, म्हणजे एकूण नऊ तासांच्या चित्रणाला सुमारे ४०५ गीगाबाइट लागतात. मात्र कॅमेऱ्यातील हे चित्रण अतिशय दाबलेले असते: प्रत्येक चौकट पूर्ण न साठवता शेजारच्या चौकटीशी असलेला फरकच बहुधा साठवलेला असतो, त्यामुळे डिस्कवर भार कमी पडला तरी चौकटी उलगडताना प्रोसेसर दमतो. हा त्रास टाळण्यासाठी तेच चित्रण ‘प्रोरेस ४२२’ या संकलनाला सोप्या स्वरूपात बदलले, तर दर सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट होतो आणि नऊ तासांचा साठा दोन टेराबाइटच्या घरात जातो. तिन्ही कॅमेऱ्यांची दृश्ये पडद्यावर एकदम चालवून निवड करायची झाल्यास डिस्कला सेकंदाला सुमारे १८५ मेगाबाइट सतत पुरवावे लागतात.

साधी फिरती हार्डडिस्क बाहेरच्या कडेवरून सेकंदाला २०० ते २५० मेगाबाइट वाचू शकते, पण आतल्या वर्तुळांकडे जाताना हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि तीन फाइली एकाच वेळी वाचताना तिचे वाचनशीर्ष सारखे इकडून तिकडे धावत राहिल्याने तो आणखी घटतो. चित्र अडखळू लागते ते येथे, आणि रेड घेण्याची इच्छाही बहुधा येथेच जन्मते.

रेडची कल्पना अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. मोठ्या संगणकांसाठीच्या एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, आणि डिस्कची संख्या वाढल्यामुळे बिघाडाचा जो संभव वाढतो त्यावर जादा माहिती साठवून मात करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याला ‘रेड शून्य’ म्हणतात त्यात ही जादा माहितीच नसते. फाइलीचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर वाटले जातात, वेग डिस्कच्या संख्येबरोबर वाढतो, पण एक डिस्क गेली की सर्वच फाइली जातात. ‘रेड एक’ मध्ये दोन डिस्कवर हुबेहूब तीच माहिती लिहिली जाते, म्हणून निम्मी जागा खर्ची पडते.

‘रेड पाच’ ची युक्ती अधिक रंजक आहे. चारपैकी तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असे बिट असतील, तर चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा की एकूण एकांची संख्या सम राहील. येथे तो शून्य होईल. यालाच पॅरिटी म्हणतात, आणि चारांपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा प्रत्येक बिट काढता येतो. पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर फिरती ठेवली जाते. आठ टेराबाइटच्या चार डिस्कमधून अशा रीतीने चोवीस टेराबाइट वापरायला मिळतात. दोन डिस्क गेल्या तरी तग धरणाऱ्या ‘रेड सहा’ मध्ये सोळा मिळतात.

अडचण दिसते ती डिस्क बदलल्यानंतर. आठ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरायची म्हटली तरी अकरा तासांहून अधिक वेळ लागतो, काम चालू ठेवल्यास दिवस उलटतो, आणि या काळात एकाच वेळी विकत घेतलेल्या, तितक्याच वापरलेल्या उरलेल्या तिन्ही डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्यांतील एखादी नेमकी तेव्हा बंद पडली तर रेड पाचकडे उपाय नाही. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी लेखनाचे पट्टे छपरावरील कवेलूंसारखे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. एक पट्टा बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागत असल्याने अशा डिस्कने हे पुनर्भरण फारच रेंगाळते, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख ठळक नसतो, म्हणून खरेदीपूर्वी तपशीलपत्रक पाहणे इष्ट.

वऱ्हाडात याला हवामानाची आणि विजेची जोड मिळते. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; डिस्क-पेटीच्या आतले तापमान खोलीपेक्षा बरेच अधिक असते, आणि बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असल्याने चार डिस्क दाटीने बसवलेली पेटी उन्हाळ्यात त्या मर्यादेच्या जवळ पोहोचते. कूलरसमोर पेटी ठेवण्याचा सहज सुचणारा उपाय ओल आणि धूळ आत ओढतो. वीज गेल्यास होणारे नुकसान याहून सूक्ष्म आहे: मूळ माहिती लिहिली गेली पण पॅरिटी लिहायची राहिली, अशा क्षणी पुरवठा तुटला तर दोहोंचा मेळ राहत नाही, आणि हा दोष पुढे डिस्क बदलेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. केवळ दिवे-पंखे चालवणारा इन्व्हर्टर येथे पुरेसा नाही. वीज गेल्याचा संदेश संगणकाला देऊन पेटी रीतसर बंद करवणारा यूपीएस हवा.

हे सर्व लक्षात घेता, एकट्याने काम करणाऱ्या गावच्या व्यावसायिकाने वेगासाठी रेड घेणे बहुतेक वेळा अनाठायी ठरते. साधी सॅटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास देते आणि तिला फिरते शीर्ष नसल्यामुळे तीन फाइली एकदम वाचण्याचे तिला ओझे वाटत नाही. चालू कार्यक्रमाचे दोन टेराबाइट तिच्यावर मावतात. तेही परवडत नसेल तर ‘प्रॉक्सी’ म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती कराव्यात. पूर्ण-एचडी प्रोरेस प्रॉक्सीला सेकंदाला अवघे ३८ मेगाबिट लागतात, म्हणजे तीन कॅमेरे मिळून सुमारे १४ मेगाबाइट, आणि ते जुनी डिस्कही निभावते. संपलेल्या कामांसाठी दोन डिस्कचे रेड एक पुरते. पाच-सहा संकलक एकाच साठ्यावर बसतात अशा शहरी स्टुडिओत मात्र रेड सहा योग्य. तेथेही नेटवर्क साध्या गीगाबिटचे असेल तर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या पुढे काही पोहोचत नाही, म्हणून पेटीआधी दहा-गीगाबिटच्या जोडणीवर खर्च करणे शहाणपणाचे.

कोणत्याही रेडला चुकून पुसलेली फाइल परत आणता येत नाही, कारण पुसण्याची आज्ञाही ती सर्व डिस्कवर तितक्याच तत्परतेने पाळते. चोरी, आग आणि खंडणीखोर व्हायरस यांच्याबाबतही तीच गत. त्यामुळे डिस्कच्या जोडीवरील खर्चाचा काही भाग वाचवून एक सुटी डिस्क वलगावऐवजी अमरावतीत नातेवाइकाकडे ठेवणे आणि दर कामानंतर ती अद्ययावत करणे हा रेडचा क्रमांक ठरवण्याहून अधिक निकडीचा निर्णय होय. कार्डावरील फाइलींची दोन ठिकाणी नक्कल झाल्यावर त्या नकला मुळाशी तंतोतंत जुळतात का, हे प्रत्येक फाइलीतून निघणारी बेरीज, म्हणजे चेकसम, ताडून पाहणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. ती ताडणी पूर्ण होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये, आणि दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम असेल तर त्यासाठी कार्डांचा दुसरा संच बाळगावा.