सुखाची सायकल : सांगलीची आणि साताऱ्याची

आपल्या घरांत सायकल येते ती बहुधा मुलांसाठीं. मुलगा पांचवींत गेला किंवा मुलीची शाळा लांबची झाली म्हणजे नवी सायकल घेतली जाते. तिची निवड मुलेंच करतात, आणि तीं कॉलेजांत जाऊं लागलीं कीं ती जिन्याखालीं गंजत पडते. त्याच घरांत नुकतेच पेन्शनींत निघालेले काका असतात, चाळिशी ओलांडलेल्या सूनबाई असतात, गुडघे सांभाळून चालणाऱ्या आत्याबाई असतात. मंडईंत, देवळांत, वाचनालयांत जाण्यापुरती त्यांना सायकल हवीहि असते. तथापि जिन्याखालच्या त्या सायकलीची बैठक अरुंद, हँडल खालीं आणि मधली नळी उंच. दोन दिवस प्रयत्न होतो, पाठ धरते, मनगटें दुखतात, आणि 'आतां आपलें वय राहिलें नाहीं' असा निकाल लागतो. वस्तुतः दोष वयाचा नसतो. दुसऱ्याच्या शरीरासाठीं घेतलेल्या सायकलीवर आपलें शरीर बसविण्याचा असतो.

हा निकाल दिसतो तितका साधा नाहीं. सायकल सुटली कीं बाहेर जाण्यासाठीं कोणाच्या तरी स्कूटरची वाट पाहावी लागते. एकत्र कुटुंबांत नाहीं म्हणणारें कोणी नसतें. परंतु मागणाऱ्याचीच जीभ रेटत नाहीं. मग आठवड्यांतून तीनदां होणारें देवदर्शन एकदांवर येतें, वाचनालयाचें पुस्तक मुलाबरोबर परत जातें, आणि धडधाकट माणूस हळूहळू घरांतच बसूं लागतो. म्हणून मोठ्या माणसासाठीं सुखाची सायकल निवडणें हा केवळ हौसेचा प्रश्न नसून त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असें समजून त्याचा विचार केला पाहिजे.

सायकलीचें कुळ

हल्लीं दुकानांत ज्या सायकलीस 'क्रूझर' म्हणतात, तिचें कुळ आधीं पाहूं. जवळजवळ सारख्या आकाराचीं दोन चाकें असलेली आणि मागचें चाक साखळीनें फिरविणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडांतील जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं 'रोव्हर' या नांवानें पुढें आणली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेचे टायर बसविले, आणि सायकलीचे धक्के कमी करण्याचा मार्ग सांपडला. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान निघालें. त्यांपैकीं लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढें शेतीच्या अवजारांच्या कारखानदारीकडे वळले आणि १९१० सालीं औंधच्या प्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे व किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. तेव्हां या दोन्ही जिल्ह्यांना सायकल ही परकी वस्तु म्हणतां येत नाहीं.

आपल्याकडे रुळली ती काळी, दांड्यांच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल. दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सर्वांनीं ती वापरली. क्रूझर ही तिची अमेरिकेंतील चुलत बहीण होय. १९३३ सालीं शिकागोच्या श्विन कंपनीनें सुमारें दोन इंच रुंदीच्या फुगीर टायरांची सायकल काढली. तिच्यापासून हा वंश वाढला. मोठी बैठक, मागें वळलेलें रुंद हँडल, जाड टायर आणि बहुधा एकच गिअर, हीं तिचीं लक्षणें. पुढें कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठच्या सपाट रस्त्यांवर ती विशेष लोकप्रिय झाली. यांतील 'सपाट' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बैठक आणि हात

आसन स्थिर असावें आणि सुखकर असावें, असें पतंजलींनीं सांगितलें आहे. सायकलीच्या आसनासहि तोच नियम लागू पडतो. बसणाऱ्याची पाठ जितकी ताठ, तितका शरीराचा भार बैठकीवर अधिक. पाठ जितकी वांकलेली, तितका तो हातांवर अधिक. म्हणून ताठ बसावयाचें असेल तर बैठक रुंद व स्प्रिंगची हवी. वांकून चालविणाऱ्याला अरुंद बैठक सोयीची. मात्र रुंद म्हणजे गादीसारखी मऊ नव्हे. भार पडावयास हवा तो बसतांना टेकणाऱ्या कटीखालच्या दोन हाडांवर. फार मऊ बैठकींत हीं हाडें रुततात, मधल्या नाजुक भागावर दाब येतो आणि अर्ध्या तासांत मुंग्या येऊं लागतात. बोटानें दाबून पाहिलेली बैठक आणि पंधरा मिनिटें चालवून पाहिलेली बैठक यांविषयींचे निर्णय पुष्कळदां परस्परविरुद्ध येतात. त्यांतला दुसरा खरा धरावा.

हँडल असें असावें कीं, मुठी धरल्या असतां कोपरें किंचित वांकलेलीं राहतील आणि खांदे पुढें ओढले जाणार नाहींत. थोडें अंतर जातांच करंगळी बधिर होऊं लागली, तर ती हातांवर फाजील भार पडत असल्याची खूण समजावी.

चढणें आणि उतरणें

उतारवयांत सायकलीची भीति वाटते ती वेगाची नव्हे, पडण्याची. आणि ती भीति खोटी नाहीं. साठीनंतर खुब्याचें हाड मोडलें तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. असें पडणें पुष्कळदां सायकल नीट चालत असतांना घडत नाहीं. चढतांना, उतरतांना आणि चौकांत एकाएकीं थांबतांना घडतें. मागून पाय टाकून चढण्याची आपली जुनी पद्धत तरुणाला शोभते, साठीच्या गुडघ्याला नाहीं. यासाठीं मधली नळी खालीं वांकलेली सायकल, जिला आपण आजवर 'लेडीज सायकल' म्हणत आलों, ती घरांतील पुरुषांनींहि निःसंकोचपणें घ्यावी. सायकल हा शब्द व्याकरणांत स्त्रीलिंगीच आहे. तिची नळी आडवी कीं वांकडी यावरून कोणी लाजण्याचें कारण नाहीं. साडी नेसणाऱ्या किंवा ओढणी घेणाऱ्या भगिनींनीं साखळीवर पूर्ण झांकण आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस जाळी आहे ना, हें अगोदर पाहावें.

बैठकीची योग्य उंची ओळखण्याची रीत सोपी आहे. पेडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच ठेवली तर पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवला तर गुडघा किंचित वांकावा. परंतु इतक्या उंचीवर बसलें म्हणजे जमिनीला जेमतेम चवडेच टेकतात. नवशिक्याला त्याचें भय वाटतें. तो बैठक खालीं करतो आणि गुडघ्यांना त्रास देतो. कांहीं क्रूझरांत पेडलें नेहमीपेक्षां बरींच पुढें बसविलेलीं असतात. तेथें पाय पुरेसा लांब होतो आणि थांबतांना, बैठक न सोडतां, तळवेहि जमिनीला लागतात. पडण्याच्या भीतीनें ज्यांनीं सायकल सोडली, त्यांच्यासाठीं ही योजना उत्तम होय. मात्र अशा सायकलीवर उभें राहून जोर देणें अवघड; म्हणजे चढावर ती दुबळी ठरते.

दोन संगम

कृष्णामाईनें या विषयासाठीं जणु दोन परीक्षास्थानेंच करून ठेविलीं आहेत. सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणेचा संगम आहे, साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा-वेण्णेचा. दोन्ही ठिकाणें शहरापासून संध्याकाळच्या फेरफटक्याच्या अंतरावर. परंतु दोहोंसाठीं सायकल एक नव्हे.

सांगली नदीकांठच्या सपाटीवर वसलेली. हरिपुराकडे जाणारा झाडीचा रस्ता घ्या, किंवा विलिंग्डन कॉलेजावरून मिरजेकडे जाणारा घ्या, चढ असा नांवालाच. येथें क्रूझर शोभते. तिचें सोळा-अठरा किलो वजन सपाटीवर एकदां गति घेतल्यानंतर फारसें जाणवत नाहीं, रुंद टायर लहानसहान खड्डे सोसतात, आणि गिअर नसल्यानें बिघडण्यासारखें थोडेंच असतें. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. काळ्या मातीचा चिखल जाड टायर व मडगार्ड यांच्यामध्यें घट्ट बसून चाक अडवितो. म्हणून दोहोंमध्यें बोटभर तरी मोकळी जागा असावी. दुसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णेचें पाणी सांगलीच्या वस्तींत शिरलें. पुरांत बुडालेली सायकल नुसती धुऊन भागत नाहीं. दोन्ही चाकांचे आंस, पेडलांचा आंस व हँडलचा कप उघडून, छर्रे स्वच्छ करून, नवें ग्रीस भरावें लागतें. नाहींतर सायकल वरून चकचकीत दिसते आणि आंतून गंजत जाते.

साताऱ्याची गोष्ट निराळी. हें शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतरणीवर पसरलेलें. माहुलीस जातांना जो रस्ता आपणांस फुकट खालीं नेतो, तोच परततांना आपली वसुली करतो. आणि पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणेंहि चढाचेंच. थोड्या गणितानें पाहूं. एकाच गिअरच्या सायकलीस पुढें ४४ व मागें १८ दांत असले आणि चाक २६ इंची असलें, तर पेडलाच्या एका फेऱ्यांत ती सुमारें ५ मीटर जाते. रस्ता दर १०० मीटरांस ५ मीटर चढत असेल, तर त्या एका फेऱ्यांत आपणांस आपलें व सायकलीचें वजन पाव मीटर वर उचलावें लागतें. पुढचे व मागचे दांत सारखे करणारा गिअर असेल, तर एका फेऱ्यांत सायकल दोनच मीटर जाते आणि उचलणें दहा सेंटिमीटरांवर येतें. एकंदर श्रमांचें ऋण तेवढेंच. पण तें लहान हप्त्यांनीं फेडतां येतें. साठीच्या गुडघ्यांना हप्तेच परवडतात.

म्हणून साताऱ्याच्या घरानें एकाच गिअरची जड क्रूझर घेऊं नये. बसण्याची रीत क्रूझरचीच, परंतु सहा-सात गिअर, वजन पंधरा किलोंच्या आंतबाहेर आणि टायर दीड-पावणेदोन इंच रुंद, अशी सायकल शोधावी. गुडघे अधू असतील तर बॅटरीचें साह्य असलेली सायकलहि विचारांत घ्यावी. तिची मोटर २५० वॉटांहून कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी असेल, तर नोंदणीची वा परवान्याची आवश्यकता नसते. मात्र ती वजनानें जड असते. घराच्या पायऱ्या चढवून ती आंत कोण घेणार, हा प्रश्न खरेदीपूर्वीं सोडवावा.

चढाइतकाच उतरणीचाहि विचार हवा. कित्येक क्रूझरांना पेडल उलटें दाबून लागणारा, मागच्या चाकांतील एकच ब्रेक असतो. १९७६ सालापासून कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण असल्या जुन्या, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावरून खालीं सोडण्याच्या शर्यती करीत. पायथ्याशीं पोंचेपर्यंत ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून त्या वाटेलाच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हां भरणें', असें नांव पडलें. यवतेश्वराच्या घाटानें खालीं येणाऱ्यानें ही हकीकत विसरूं नये. दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असलेच पाहिजेत. शिवाय पावसांत भिजलेल्या पोलादी रिमवर रबरी ब्रेक उशिरां धरतो. साताऱ्याच्या पावसाळ्याचा विचार करतां डिस्क ब्रेक अधिक भरंवशाचा.

दुकानांत काय पाहावें

पहिली गोष्ट टायरची. २६ इंची म्हणून विकले जाणारे सर्व टायर एकमेकांस बसत नाहींत. क्रूझरचा २६ × २.१२५ टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर आपल्या ओळखीचा २६ × १ ३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या. म्हणून टायरच्या कडेवर छापलेला आंकडा लिहून घ्यावा आणि तो टायर व त्याची ट्यूब आपल्या पेठेंतील पंक्चरवाल्याकडे मिळते का, हें आधीं विचारावें. हवाहि त्याच कडेवर दिलेल्या मर्यादेंत भरावी. दगडासारखा कडक फुगविलेला रुंद टायर घेऊन रुंदीचा लाभ मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबाची. माणशी एक सायकल घेणें सर्वांस शक्य नसतें, आणि आवश्यकहि नाहीं. नळी वांकलेली असेल आणि बैठक पान्याशिवाय, नुसत्या खटक्यानें वरखालीं करतां येत असेल, तर एकच सायकल काका, सूनबाई व आत्याबाई यांना पुरते. बैठकीच्या दांड्यावर प्रत्येकाच्या उंचीची निराळ्या रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे रोज अंदाज करावा लागत नाहीं. दांड्यावर कारखान्यानें कोरलेली शेवटची मर्यादा मात्र कोणीहि ओलांडूं नये. तिच्या वर दांडा ओढला तर तो मोडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोठ्या माणसासाठीं सायकल अचानक भेट म्हणून आणूं नये. ज्यानें बसावयाचें त्याला दुकानांत न्यावें. त्याला तीन वेळां चढावयास, तीन वेळां उतरावयास आणि एकदां एकाएकीं थांबावयास सांगावें. रंग व किंमत यांची चर्चा त्यानंतर करावी. बऱ्याच वर्षांत सायकल न चालविलेल्यांनीं पहिले आठ-दहा दिवस मोकळ्या मैदानांत बैठक खालीं करून, पेडलें काढून, नुसते पाय जमिनीला रेटीत तोल सांभाळण्याचा सराव करावा. तोल आला म्हणजे पेडलें बसवावीं. चक्कर येणें, छातींत दुखणें अशी तक्रार असेल तर प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एवढें केल्यावर सायकल कोणत्या कंपनीची, याला फारसें महत्त्व उरत नाहीं. ज्या दिवशीं काका कोणाला न सांगतां वाचनालयांत जाऊन पुस्तक बदलून येतील, त्या दिवशीं निवड बरोबर झाली असें समजावें.