पत्रीतील विष्णुक्रांता

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाला वाहावयाच्या २१ पत्रींपैकी दूर्वा, शमी, माका, आघाडा ही बाजारात सहज मिळतात. विष्णुक्रांता मात्र बहुधा नसतेच. तिच्या जागी कोणतीही हिरवी डहाळी जुडीत बांधलेली असते आणि आपणही ती निःशंकपणे वाहतो. माळरानावर जमिनीसरशी पसरणारी, पावसाळ्यात इवलीशी निळी फुले धरणारी ही वनस्पती ओळखणारे डोळेच आता विरळ झाले आहेत.

ही उपेक्षा खेदाची होय. कारण अनेक वैद्य हिलाच शंखपुष्पी मानतात. काही जण पांढरट फुलांची दुसरी वनस्पती घेतात, तर केरळात हे नाव गोकर्णीला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली असून त्यांत शंखपुष्पीला विशेष मान दिला आहे.

परंतु चरकाचार्य पाल्यामुळ्यांवरच थांबत नाहीत. मलमूत्रादी वेग अडवू नयेत असे बजावणारे आचार्य त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र आवरावेत असे सांगतात. अहितकर विषयांपासून मन परतविणे, या सत्त्वावजयास त्यांनी चिकित्सेचा स्वतंत्र प्रकारच मानले.

आमच्या आत्याबाईंना वैधव्य आले त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत त्या कोणाशी बोलत नसत. गावच्या वैद्यबुवांनी दुधातून शंखपुष्पी घेण्यास सांगितले. पण ती आत्याबाईंनी स्वतः माळावरून खुडून आणावी, असा दंडक घातला. त्या बोलू लागल्या. गुण पाल्याचा की पहाटेच्या पायपिटीचा, हे आम्हांस कधी उमगले नाही. महिना लोटूनही झोप परतेना, तेव्हा त्याच वैद्यबुवांनी त्यांना शहरातील मनोविकारतज्ज्ञांकडे धाडले. त्यात त्यांना यत्किंचितही कमीपणा वाटला नाही.

अपस्माराच्या रुग्णांनी विशेष जपावे. शंखपुष्पीच्या एका तयार औषधामुळे फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पत्रीतलाच धोतरा तर विषारी! देवाला वाहिला म्हणून तो पोटात घेण्याजोगा होत नाही. निर्माल्यातील पत्रीचा काढा कोणी करू नये.

यंदा पत्रीसाठी मुलांना घेऊन जवळच्या माळावर जावे. विष्णुक्रांतेचे फूल सकाळी उमलते व दुपारनंतर मिटते, म्हणून लवकर निघावे. आणि मूळ न उपटता दोनच डहाळ्या खुडाव्यात.