उंबराच्या पोटातली गोष्ट

उंबराचं फूल पाहिलंय का रे कुणी? नाही ना? लोक सांगायचे, ते मध्यरात्री उमलतं आणि ज्याला दिसतं तो राजा होतो. चला, मी भरदुपारी दाखवतो. राजा मात्र कुणी व्हायचं नाही.

हे घ्या कच्चं उंबर आणि चिरा उभं. आत बघा, भिंतीला चिकटून शेकडो बारीक फुलं. सूर्यफुलाची तबकडी आतल्या बाजूला वळवून तिचं तोंड आवळलं, तर जे होईल ते हे उंबर. सगळी फुलं आत, आणि आत शिरायला टोकाशी एवढंसं भोक. तेही खवल्यांनी घट्ट मिटलेलं. मधमाशीची काय बिशाद आत शिरायची!

पण एकीला जमतं. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडतात ती केंबरं ठाऊक आहेत ना, त्यांतली एक गांधीलमाशीची धाकटी बहीण. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. उंबराची फुलं तयार झाली की झाड वास सोडतं, आणि त्या वासाच्या मागानं मादी येते. खवल्यांमधून अंग घुसवताना तिचे पंख तुटून दारातच राहतात. म्हणजे आत गेलेली पुन्हा बाहेर यायची नाही. ती काही फुलांत अंडी घालते, आणि बरोबर आणलेला पराग फुलांना लावून तिथंच मरते. अंडी पडलेल्या फुलांत पिल्लं वाढतात, बाकीच्या फुलांत बी धरतं. माशी आलीच नाही, तर ती उंबरं न पिकता गळून जातात.

पुढं आधी नर जन्मतात. बिचाऱ्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरून जातात. जिथं जन्मले तिथंच संपले! त्या भोकातून माद्या बाहेर पडतात, निघताना ताज्या फुलांचा पराग घेऊन.

आता खरी पंचाईत पुढं आहे. मादीचं आयुष्य फार तर एक-दोन दिवसांचं. आणि ज्या झाडावरून ती निघाली, तिथली उंबरं बहुधा एकदमच पिकायला लागलेली असतात. तिला हवं ते कोवळं, फुलांनी भरलेलं उंबर मिळायचं दुसऱ्या झाडावर. ते झाड वाऱ्याच्या वाटेवर असेल तर ठीक, नाहीतर सगळी मेहनत वाया. म्हणून एकटं उंबर राखून भागत नाही रे. देवळापुढचं औदुंबर दत्ताचं म्हणून कुणी तोडत नाही, ते बरंच आहे. पण ओढ्याकाठची चार उंबरं रस्त्यासाठी गेली, तर देवळापुढच्या झाडाचंही अडतं.

या झाडावर पोट भरणारे किती, मोजा. आपल्या राज्याचा पक्षी हरियाल, राज्याचा प्राणी शेकरू, शिवाय तांबट, धनेश, उदमांजर, रात्री वटवाघळं. उंबराला वर्षातून अनेकदा फळं येतात, तीही थेट खोडावर नि फांद्यांवर लगडून. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही इथं पंगत चालू असते. खाणारे बिया पोटातून दूरदूर नेतात, म्हणून तर भिंतीच्या फटीत उंबर उगवलेलं दिसतं.

वनमहोत्सवात शाळेत रोपं वाटतात तेव्हा गुलमोहर मिळाला की सगळे खूश. दिसायला सुंदर खरा, पण तो पाहुणा मादागास्करचा. माझं विचाराल तर आधी उंबर मागा.

आणि कुणी दिलंच नाही, तर पावसाळ्यात पडक्या भिंतीतलं हातभर रोप मुळांसकट हळूच सोडवा. ते ओढ्याच्या नाहीतर नदीच्या काठी लावा. घराच्या किंवा विहिरीच्या भिंतीजवळ मात्र लावू नका, मुळं दगड फोडतात. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला, शेळ्यांपासून कुंपण करा. आणि एकच लावून थांबू नका. पुढच्या वळणावर दुसरं लावा, त्याच्या पुढं तिसरं. त्या दोन मिलिमीटरच्या माशीला उडत पोचता आलं पाहिजे.