फोनची पत्त्यांची वही



परवा लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आम्ही गटातल्या सगळ्या जणी एकाच वायफायवर बसलो होतो. पहिलीचं पान उघडता उघडेना, दुसरीचं लवकर उघडलं. एक ताई म्हणाल्या, "तिचा फोन महागाचा आहे ना!" पण कारण वेगळंही असू शकतं.

इंटरनेटवर कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपण वेबसाइटचं नाव टाकलं की फोन आधी तिचा आकडा विचारतो. नावावरून आकडा सांगणारी ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. अमेरिकेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली.

यवतमाळच्या बसस्टँडवर आपण तालुक्याची गाडी विचारतो, तालुक्याला गाव विचारतो, गावात घर. डीएनएसचंही तसंच. आधी मूळ सर्व्हर, मग 'डॉट इन' सांभाळणारा, मग त्या वेबसाइटचा. एका पानासाठी अशी अनेक नावं विचारावी लागतात. रेंज कमी असली की प्रत्येक खेपेला वेळ जातो.

म्हणून मिळालेला पत्ता फोन लिहून ठेवतो. या वहीला कॅशे म्हणतात. अशी वही सिम कंपनीकडे असते, बहुतेक वायफाय राउटरमध्येही असते. पहिलीने विचारलेला पत्ता दुसरीला तिथल्या तिथे मिळतो. मात्र वाचतो तो फक्त विचारण्याचा वेळ. फोटो आणि मजकूर रेंज असेल तसाच येणार.

आपल्या कर्जासारखी या पत्त्यालाही मुदत असते, काही मिनिटांची किंवा काही तासांची. तेवढ्यात वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर गेली, तर फोन जुन्याच दारात जाऊन उभा राहतो. इतरांकडे पान उघडतं आणि आपल्याकडे नाही, असं झालं तर फ्लाइट मोड चालू करून बंद करा, नाहीतर फोन बंद करून सुरू करा. तरीही नाही उघडलं तर थोडं थांबा. घाईत कुणी पाठवलेली दुसरी लिंक उघडू नका.

कारण ही वही नाव खरं की खोटं ते पाहत नाही. भामट्याचं नाव दिलं तर ती भामट्याच्याच दारात नेते, तेही झटपट! आधार नंबर किंवा ओटीपी टाकण्याआधी वरचं नाव वाचा. सरकारी वेबसाइटचं नाव बहुधा 'जीओव्ही डॉट इन'वर संपतं. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी हीच अक्षरं हवीत. नुसती मधे कुठेतरी असून चालत नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फोनवर हे नाव वाचून दाखवायचं, बरं का!