पुरानंतरची झोप : मदतछावणीत अ‍ॅक्युपंक्चरचं काम काय?

भंडाऱ्याच्या माणसाला पूर काय असतो हे सांगायला नको. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा चढली. वर मध्य प्रदेशात मोठा पाऊस, तिकडच्या धरणांतून सुटलेलं पाणी, आणि इकडे शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यात कोरोनाचे दिवस.

पाणी ओसरलं की चिखल उपसता येतो, पिकाचा पंचनामा होतो. पण रात्री पाऊस वाजला की दचकून उठणाऱ्या आजीचा पंचनामा कोण करणार? आजचा विषय या भीतीचा आणि उडालेल्या झोपेचा आहे.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची चिनी पद्धत. आपल्याकडच्या तिच्या गोष्टीत नागपूरही येतं. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तिथे त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, शस्त्रक्रिया केल्या. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. पथकातले डॉ. बिजयकुमार बसू मात्र पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी ते कलकत्त्यात आणलं.

आता आपत्तीत याचा वापर कसा होतो ते बघू. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये १९७० च्या दशकात व्यसन सोडणाऱ्यांसाठी कानावरच्या पाच बिंदूंची पद्धत बसवली गेली. तीच पुढे २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर आणि २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मदतकार्यात वापरली. कारण साधं आहे. कपडे काढायचे नाहीत, खाट लागत नाही, खुर्चीवर किंवा सतरंजीवर दहा-पंधरा माणसं एकत्र अर्धा-पाऊण तास शांत बसतात. आणि मुख्य म्हणजे, काय घडलं ते कोणी सांगायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे कित्येकांना परक्यापुढे बोलायला जमत नाही, त्यांना हे सोपं जातं. सुईची भीती असेल तर मोहरीएवढं बी चिकटपट्टीनं कानाला लावतात.

गुण येतो का? अनेकांना शांत वाटतं, झोप लागते. पण हा परिणाम सुईचा किती, आणि कोणीतरी जवळ बसलं, विचारपूस केली याचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पुरावा अजून तोकडा आहे, आणि हे लोकांना सांगूनच काम करावं.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी जीव, मग पाणी, मग झोप. साप चावला, तर १०८ ला फोन. जुलाब झाले, तर ओआरएस. पुराच्या पाण्यातून आल्यावर ताप आला, तर लेप्टोची शंका धरून सरकारी दवाखाना. इथे सुई घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं, आणि तो वेळ जिवावर बेततो.

छावणीत कोणी सुया घेऊन आलं, तर सरपंचांनी, आशाताईंनी चार गोष्टी विचाराव्या. तुम्ही नोंदणीकृत आहात का? महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. सुई प्रत्येकाला नवी, सीलबंद आहे ना? एकच सुई दोघांना लावली तर कावीळ पसरते. वापरलेल्या सुया कशात टाकणार? छावणीत अनवाणी पोरं फिरत असतात. आणि मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारून, माणसाची संमती घेऊन टोचता का?

चारही उत्तरं नीट मिळाली तर त्यांना एक कोपरा द्या. नाही मिळाली तर चहा पाजून परत पाठवा. आजीजवळ मात्र त्या रात्री कोणीतरी बसा, त्याला सुई लागत नाही.