पाण्यात म्हैस, बाहेर मोल

संस्कृत 'महिषी'चे प्राकृतात 'महिसी' झाले आणि मराठीत ती 'म्हैस' होऊन आली, हे गेली अठरा वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. 'महिषी'चा दुसरा अर्थ पट्टराणी, असे सांगितले की वर्गात दरवर्षी हशा पिकतो. तेव्हा या विषयात आपल्याला काही कमी आहे, असे मला कधी वाटले नव्हते. हा भ्रम फिटला तो देवगाव रंगारीला, मामांच्या गोठ्यात.

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले गाव. वेरूळची लेणी तिथून फार दूर नाहीत. लेण्यांतली महिषासुरमर्दिनी मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवली आहे; पण तो महिष कोणत्या जातीचा, असा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मामांनी विचारला असता.

कारण मामा पोळले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून 'अस्सल मुऱ्हा' म्हणून एक म्हैस घेतली. विकणाऱ्याचे नाव कशाला सांगा? म्हैस काळी कुळकुळीत, तुकतुकीत, दृष्ट लागावी अशी. मृगाच्या सरीत चार वेळा भिजली आणि पाचव्या दिवशी तिच्या कपाळावर पांढरा टिळा उगवला! अस्सल मुऱ्ह्याला शेपटीच्या गोंड्यावर पांढरे असले तर चालते, कपाळावर नाही. मामी म्हणाल्या, "गावाचं नाव रंगारी, अन् रंगवलेली म्हैस आली बाहेरून!"

म्हैस संकराची होती. दूध देई, पण ज्या दुधाच्या हिशेबावर कर्ज काढले होते तेवढे नाही. हप्ता मात्र पूर्ण मुऱ्ह्याचा.

"रंग बघायचा नसतो, भाचेबुवा," मामा म्हणाले. "शिंगं बघायची. रंग लावता येतो, शिंग कोण वळवून देतं?"

आणि त्यांनी माझी शिकवणी घेतली. मुऱ्हा ही रोहतक-हिसारकडची. तिचे शिंग आखूड आणि जिलबीसारखे आत घट्ट मुरडलेले. आमच्या मामांच्या म्हशीची जिलबी अर्धवटच राहिली होती, हे तेव्हा कुणी पाहिले नाही. गीरकडची जाफराबादी ओळखायला तर आंधळाही पुरे: पुढे आलेले भले थोरले कपाळ आणि मानेच्या दोहों बाजूंनी खाली लोंबून टोकाशी वर वळलेली जड शिंगे. सुरतीचे शिंग कोयत्याच्या आकाराचे, आणि गळ्याला दोन पांढरे पट्टे, एक जबड्याखाली, एक छातीपाशी. विदर्भातली नागपुरी तलवारी पाठीवर टाकून चालते. पंढरपुरीची शिंगे इतकी लांब की खांद्याच्या फऱ्याच्याही मागे जातात. कोल्हापुरात कट्ट्यावर उभी करून गिऱ्हाइकासमोर जिची धार काढतात, ती बहुधा हीच.

"आणि आपली?" मी विचारले.

मामांनी दाव्याला बांधलेल्या वगारीकडे बोट दाखवले. तिची आई मुऱ्ह्यासाठी जागा व्हावी म्हणून विकली होती. "ही? ही गावठी."

येथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. 'गावठी' हे काही नाव नव्हे. परभणी, बीड, नांदेड, लातूर, जालना या भागांत पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली ही मराठवाडी म्हैस. शिंगे मध्यम, मानेला समांतर मागे जाणारी, खांद्यापर्यंत पोचणारी पण पंढरपुरीसारखी फऱ्यापलीकडे न जाणारी. रंग करडा-काळा ते गर्द काळा; कपाळावर किंवा पायांवर पांढरे असले तरी तो तिचा दोष नाही. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत देशातल्या पशुजातींची नोंद होते, तिथे ती मराठवाडी याच नावाने नोंदलेली आहे. हे सारे मी मोठ्या आवेशाने सांगितले.

मामा शांतपणे म्हणाले, "लिष्टीत नाव आहे, बरं झालं. मग हप्ता लिष्ट भरणार का?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुऱ्हा एका वेतात सरासरी 1,750 किलोच्या आसपास दूध देते, मराठवाडी 1,100च्या. आकडे मामांच्याच बाजूने बोलतात. पण 2012-13च्या दुष्काळात गावोगावची जनावरे चारा छावण्यांत उभी होती, तेव्हा याच वगारीच्या आजीने नुसत्या कडब्यावर तग धरला होता, ही गोष्ट मला मामांनीच सांगितलेली. तो आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

नावाचा घोटाळा शिकलेल्यांतही कमी नाही. डिसेंबर 2020मध्ये पुण्याच्या कोथरुडात गवा शिरला आणि त्या धावपळीत बिचारा मेला. आमच्या प्राध्यापक-खोलीत दोन दिवस त्याला 'रानरेडा' म्हणत होते. वास्तविक गवा हा म्हशीचा नव्हे, गाईबैलांच्या कुळातला. पाठीवर उंच कणा, चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, डोक्याच्या बाजूंनी निघून वर वळलेली पिवळसर शिंगे. तो पाहायचा तर राधानगरी-दाजीपूरला जावे. खरा रानरेडा महाराष्ट्रात उरला आहे तो गडचिरोलीच्या कोलामार्कात. त्याच्यासाठी ते रान 2013 साली राखीव झाले. त्याची शिंगे तिकोनी धारेची, मागे पसरलेली. घरची म्हैस याच रानम्हशीची लेक. गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही. गाईची गुणसूत्रे 60, आपल्या म्हशीची 50. आफ्रिकेतला रेडा तर आणखी निराळा, त्याची 52. हे मी मामींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मोजायला कोण बसलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्यापारी वगार बघायला आला. मामांना हप्त्यासाठी पैसे हवेच होते. त्याने दाराशी उभे राहूनच भाव सांगितला, "गावठीला याच्यावर मिळत नसतं." मामा बोलण्याआधी मामी चुलीपासून उठून आल्या. "गावठी नाही, मराठवाडी आहे," त्या म्हणाल्या. "कर्नालला नाव हाय तिचं." व्यापाऱ्याने भाव थोडा वाढवला. मामींनी मान हलवली. तो गेला. मामा दिवसभर माझ्याशी मोजकेच बोलले.

संध्याकाळी त्यांनी मला ओढ्यावर नेले. डोहात म्हशी डुंबत होत्या; पाण्याबाहेर फक्त नाकपुड्या आणि शिंगे. "सांग बरं, आपली कोणती?" मी नीट निरखून पाहिले. मध्यम शिंगे, मानेला समांतर, खांद्याशी थांबलेली. मी खात्रीने बोट दाखवले.

"मराठवाडी खरी," मामा म्हणाले, "पण ती शेजारच्यांची. आपली तिकडं, बाभळीखाली, कोरडी उभी आहे. तिला पाणी आवडत नाही."